वहिनीचा सव्वासहाचा रियाज

गेल्या रविवारी दादाचा फोन आला, तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. वहिनीने गाण्याच्या विशारद प्रथम परीक्षेचा फॉर्म भरते म्हटलं, एवढंच निमित्त. त्याच्या आधीची मध्यमा पूर्ण तिने लग्नाआधी केली, त्यानंतरची सतरा वर्षं तशीच गेली. यंदा तिने ठाण्यात नौपाड्याला पुन्हा क्लास लावला. सकाळी सव्वासहाला मोबाइलवर तानपुरा लावून ती हॉलमध्ये बसायला लागली. त्यावर काकूपासून आत्यापर्यंत सगळ्यांचं एकमत झालं की पोरगी दहावीला आहे, ऐन परीक्षेत गाणं कसलं, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी अकरावी, मग बारावी, मग सीईटी. ते वर्ष कधी उजाडायचं?

इथे जर्मनीत श्टुटगार्टला आमच्या चर्चच्या गायकवृंदात माझ्या शेजारी आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणारी बाई नर्स आहे. तिचा मुलगा एप्रिलमध्ये आबिटूरला, म्हणजे इथल्या बारावीला, बसतोय. तरी गुरुवारी रात्री आठ वाजता ती तालमीला हजर असते. गुड फ्रायडेच्या आत बाखचं मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या मरणाची कथा गाणारी रचना, बसवायचं आहे. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद आणि जवळजवळ तीन तासांचं गाणं. त्यात कोणी सुतार आहे, कोणी शिक्षिका, कोणी आजोबा. ‘घरी परीक्षा आहे’ असं कारण मी सहा वर्षांत एकदाही ऐकलं नाही.

आणि आपल्याकडे हे नवीन आहे का? विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते घरसंसारातल्या माणसांना गाणं शिकता यावं म्हणूनच ना? प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा त्याच परंपरेतल्या. ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासावर वाशीला त्यांचंच गांधर्व महाविद्यालय उभं आहे. पाडव्याला कौपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रा निघते तेव्हा आमचं अख्खं घर नऊवारी-फेटे घालून अर्धा दिवस उन्हात चालतं, आणि चालावंच. त्या दिवशी कोणाला पेपर आठवत नाहीत. मग एका बाईचा पाऊण तासच डोळ्यांवर का येतो? फाल्गुन हा तर बसंत-बहार हे राग कुठल्याही प्रहरी गावेत असा काळ!

हे सगळं मी दादाला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “तू तिथे गातेस, कारण आई-बाबा इथे आहेत.”

मला फार लागलं. मी म्हटलं, तुला काय माहीत इथे काय असतं ते. किटा, म्हणजे पाळणाघर, पाच वाजता बंद होते, केरवोखेची, म्हणजे इमारतीच्या सफाईची, पाळी आली की जिना मीच पुसते, जानेवारीत तापाने पडले तेव्हा पेजेची वाटी हातात द्यायला कोणी नव्हतं. खरंच आहे ते. पण फोन ठेवल्यावर मी वहिनीचा दिवस मनात मांडून पाहिला. दोन डबे, बाबांचं बिनमिठाचं वेगळं जेवण, आईच्या गुडघ्यांसाठी फिजिओकडे फेऱ्या, वर येणारे-जाणारे. माझ्या दाराची बेल कुरिअरवालाच वाजवतो. संध्याकाळी आम्ही ब्रेड-चीज खातो आणि मी सायकलने तालमीला जाते.

माझ्या गुरुवारच्या दोन तासांत वहिनीचे किती तास आहेत, ते मी आजवर मोजलं नव्हतं. तिच्या रियाजाची बाजू मी एवढ्या जोरात घेतली, पण माझ्या आईवडिलांचं करण्यात तिचा दिवस जातो हे बोलताना मनातही आलं नाही. आणि जर्मन शब्द उच्चारत तीन तास गायले तरी सम आल्यावर मान हलवणारं इथे शेजारी कोणी नसतं. ती जागा ठाण्यातल्या त्या हॉलमध्येच आहे, वहिनी बसते तिथे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे जातात आणि ठाणं साडेचारऐवजी साडेतीन तासांवर येतं. यंदा पॅशन झालं की तीन आठवड्यांची रजा काढून मी येते आहे. वहिनीची परीक्षा होईपर्यंत स्वयंपाक आणि बाबा माझ्याकडे. दादाला तसं कळवलं. मग बाबांच्या गोळ्या कोणत्या, कधी आणि डबा कुठे ठेवलेला असतो, हे विचारायला वहिनीलाच फोन लावला.




तिने सगळं सावकाश सांगितलं, मी लिहून घेतलं.