तीन सेकंद आणि सुभेदारकाका

नेमबाजीतलं २५ मीटर पिस्तूल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. पॉइंट टू-टूचं पिस्तूल, मॅचला ६० गोळ्या. पहिल्या ३० प्रिसिजनच्या, पाच मिनिटांत पाच, एकदम निवांत काम. उरलेल्या ३० रॅपिडच्या आणि खरा घोळ तिथे आहे. हात ४५ अंशांत खाली धरून उभं राहायचं, लाल लाइट जाऊन हिरवा लागला की तीन सेकंदांत हात वर, फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) जागेवर, ट्रिगर, ठो! की परत हात खाली आणि सात सेकंद लाल. असं लागोपाठ पाच वेळा, मग पुढची सिरीज. राही सरनोबतनं याच इव्हेंटला २०१८च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड मारलं, ते पण बरोबरी सोडवायचे दोन-दोन शूट-ऑफ खेळून, आणि तेव्हापासून हे खूळ माझ्या डोक्यात बसलंय.

आता आमची रेंज. तिथे भिंतीवर नियमांचा बोर्ड आहे. तो आधी बराच आटोपशीर होता, पण २०२४ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं, पोरांची झुंबड उडाली आणि कमिटीने धसका घेऊन नवा बोर्ड रंगवून घेतला तो थेट पंख्यापर्यंत. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची. मारली की मॅगझिन काढा, चेंबर उघडा, चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून नारिंगी सेफ्टी फ्लॅग घाला, पिस्तूल टेबलावर ठेवा, दोन पावलं मागे या, हात वर करा. मग आमचे रेंज ऑफिसर, म्हणजे रिटायर्ड सुभेदारकाका, सावकाश चालत येणार, कपाळावरचा चष्मा नाकावर घेणार, चेंबरमध्ये डोकावणार आणि म्हणणार, "हं, भरा." तोवर माझ्यातली रॅपिड पार थंड झालेली असते. फ्लॅगबद्दल माझी काही तक्रार नाही हं, तो हवाच, जगात सगळीकडे आहे. पण पाच गोळ्यांच्या सिरीजला अख्खा स्लॉट जायला लागला तर त्याला रॅपिड कोणत्या तोंडाने म्हणायचं?

बरं, हात खाली धरला की मागून आवाज.

"ताई, नळी खाली का? टार्गेट समोर आहे."

"काका, नियमच आहे तसा. आयएसएसएफचा, आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेचा."

"त्यांचा त्यांच्याकडं. हितं नळी टार्गेटकडं."

म्हणजे हात आधीपासूनच वर. मग तीन सेकंदांत मी उचलायचं काय, डोंबल?

पिस्तूल क्लबचं, घरी नेता येत नाही, म्हणून हात उचलायची प्रॅक्टिस मी बाल्कनीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली घेऊन करते. किलोभर वजन होतं, पिस्तुलाच्या जवळपास. समोरच्या भिंतीवर एक डाग आहे तो टार्गेट, मनातल्या मनात सात आकडे मोजायचे की बाटली वर, तीन मोजून खाली. हे छान चाललं होतं, पण त्या डागाच्या शेजारी कुणाचीतरी किचनची खिडकी आहे हे लक्षात कोण घेतंय! तिथल्या काकूंनी आमच्या सासूबाईंना भाजीवाल्यापाशी गाठून विचारलं, "तुमची सूनबाई रोज सकाळी आम्हाला बाटली का दाखवते हो?" सासूबाई नेमबाजी वगैरे समजावत बसल्या नाहीत, थायरॉइडचा व्यायाम आहे म्हणाल्या. आता त्या काकूपण करतात.

सगळ्यात कहर म्हणजे पुंगळ्या. जेवढ्या गोळ्या घेतल्या तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या परत द्यायच्या, मोजून, रजिस्टरमध्ये सही करून. ते पण समजू शकते, गोळ्यांचा हिशोब लागतोच. पण पिस्तुलातून पुंगळी उडते ती काय सांगून उडते का? एकदा एक कमी भरली तर काकांनी रेंजच बंद केली, आम्ही सगळे मांडी घालून टेबलाखाली, एक बँक मॅनेजर, एक दातांचे डॉक्टर, दोन कॉलेजची पोरं, मोबाइल आत आणायला बंदी म्हणून टॉर्चही नाही, आणि अर्ध्या तासाने ती सापडली डॉक्टरांच्या शर्टच्या खिशात. त्यांच्या मिसेसना फोन करून उशिराचं कारण सांगायला काकांनी स्वतः ऑफिसचा फोन उघडून दिला, एवढं मात्र खरं.

शेवटी स्टेट मॅच तोंडावर आली तेव्हा मी कमिटीला लेखी अर्ज दिला, की मॅगझिनमध्ये पाच गोळ्या भरू द्या, हात खाली धरू द्या आणि लाइटचं मशीन चालू करा. मीटिंग झाली, चहा-बिस्किटं झाली आणि चक्क परवानगी आली! बुधवारी सकाळी, काकांच्या देखरेखीखाली. मशीनवरचं प्लॅस्टिक निघालं, धूळ झटकली, बटण दाबलं तर हिरवा लागला आणि लाल काही केल्या लागेना. इलेक्ट्रिशियन म्हणाला पार्ट मागवावा लागेल. मी हिरमुसले, तर काका म्हणाले, "अहो ताई, लाल कशाला पायजे? मी आहे की." आणि खरंच माझ्या उजव्या कानामागे उभे राहिले.

हिरवा लागला, हात उचलला, साइट टेनमध्ये, म्हणजे मधल्या दहा गुणांच्या वर्तुळात, शिरतच होती, रॅपिडचा टेन चांगला १० सेंटिमीटरचा असतो, म्हटलं आज बसतोय, तेवढ्यात काका परेड ग्राउंडच्या आवाजात ओरडले, "थाऽऽम!"

"काका, दोनच सेकंद झाले!"

"हो. एक सेकंद सेफ्टीचा."