काडी टाकण्याआधी वाचा

समोरच्याला पेटवायचं असेल तर आधी नेमकं काय करायचंय ते ठरवा. डिवचणं, खिजवणं, चिथावणं आणि कळ लावणं ही वेगवेगळी कामं आहेत. नवशिके त्यांची सरमिसळ करतात आणि फुकट मार खातात.

डिवचायला एक माणूस आणि एक वाक्य पुरतं. उदाहरणार्थ, 'तू नेहमीच उशीर करतोस.' यातला सगळा जीव 'नेहमीच'मध्ये आहे. 'आज उशीर झाला' म्हणालात तर तो माफी मागून मोकळा होईल आणि तुमची मेहनत पाण्यात. 'नेहमीच' ऐकलं की तो वेळेवर आलेले दिवस मोजून दाखवू लागतो आणि त्याचा आवाज चढतो. चढला रे चढला की आपला आवाज उतरवा आणि म्हणा, 'अरे, शांत हो.' हे शब्द शांत बसलेल्यालाही सोसत नाहीत, मग तापलेल्याचं काय घेऊन बसलात! शेवटी 'मी आपलं सहज म्हटलं, एवढं चिडायला काय झालं?' आणि तिथेच थांबा. त्यापुढे बोलणं म्हणजे हावरटपणा.

खिजवायला प्रेक्षक लागतात, शिवाय तोच टोमणा थोड्या थोड्या अंतराने पुन्हा मारायची चिकाटी. समोरचा स्वतःच हसला की खेळ संपला.

चिथावणीत डोकं तुमचं, हात दुसऱ्याचा. 'तुझ्या जागी मी असतो तर ऐकून घेतलं नसतं,' एवढंच बोला. तुम्ही काय केलं असतं ते मात्र चुकूनही सांगू नका, उद्या तेच तुमच्यावर शेकेल.

कळ लावणं सगळ्यात कसबाचं. एकमेकांशी फारसं न बोलणारी दोन माणसं निवडा. पहिल्या दिवशी 'तुझ्याबद्दल कुणीतरी बोलत होतं' इतकंच. नाव दोन दिवसांनी, तेही 'माझं नाव घेऊ नकोस' अशी शपथ घालून. ही शपथच सगळा डोलारा धरून ठेवते. बहुतेक कळी फसतात त्या दोघं एकदा समोरासमोर बसून वाक्यं जुळवून बघतात म्हणून. नारदाच्या कळीतून शेवटी काही भलं निघायचं म्हणे. तुम्ही तेवढं मनावर घेऊ नका.

घाऊक काम करायचं तर यंत्रं मदतीला आहेत. कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना फेसबुकने 2017 पासून रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. 2020 मध्ये ते शून्यावर आणलं, पण तोवर पुष्कळांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. इथली कृती सोपी आहे. मजकुरात मुद्दाम एक ठळक चूक सोडायची. ती सुधारायला माणसं धावत येतात, मग त्या सुधारणाऱ्यांना सुधारायला आणखी. तुम्ही तोंड उघडलंत तर सगळे तुमच्यावर येतील. गप्प राहिलात तर ते आपापसांत जुंपतील आणि आकडे तुमचे वाढतील.

जपून राहायचं ते एकाच माणसापासून. तो सगळं ऐकून घेतो आणि थंडपणे विचारतो, 'म्हणजे नक्की काय म्हणायचंय?' मग तेच वाक्य परत म्हणावं लागतं, आणि परत म्हटलेला टोमणा लागत नाही. असा कुणी भेटला की महत्त्वाचा फोन आल्याचं सांगून उठा.