भिंतीच्या भेगा, पुट्टी आणि दोन हात रंग : या सल्ल्यात नेमके काय चुकते

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचा बेत ठरू लागला की एक सल्ला दरवर्षी मोबाईलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा, की आतल्या भिंतींवरच्या भेगांसाठी वेगळा खर्च करण्याचे काहीच कारण नाही. भेगेत व्हाइट सिमेंट किंवा वॉल पुट्टी दाबून भरावी, वाळली की पॉलिश पेपरने घासावी आणि वरून चांगल्या रंगाचे दोन हात मारावेत, म्हणजे भेग कायमची जाते. भेगा प्रत्येक इमारतीत येतातच, त्यांचा बाऊ करू नये, आणि जाड, लवचीक रंग घेतला तर पुट्टीचीही गरज उरत नाही, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. यातले एक विधान अर्धे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत, आणि त्यांवर विसंबून एकाच भेगेवर दोनदा पैसे घालवलेला मी माणूस आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

अर्धे खरे विधान आधी घेऊ. भेगा प्रत्येक इमारतीत येतात, हे बरोबर आहे. भारतीय मानक संस्थेने (आजचे भारतीय मानक ब्यूरो) 1984 मध्ये इमारतींतील भेगांची कारणे आणि प्रतिबंध यांवर एसपी 25 ही मार्गदर्शिका काढली, तीत 1 मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या भेगा बारीक, 1 ते 2 मिलिमीटरच्या मध्यम आणि त्यापुढच्या रुंद मानल्या आहेत. नव्या गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या केसाएवढ्या चिरा दिसतात, त्या गिलावा वाळताना आकसल्यामुळे येतात. माल जास्त सिमेंटचा असला किंवा त्यावर पुरेसे पाणी मारलेले नसले की त्या अधिक येतात. आकसणे संपले की त्यांचे वाढणेही थांबते, आणि बोटाने ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजत नसेल तर अशा चिरा पुट्टीने झाकायला हरकत नाही. मात्र हा न्याय सगळ्याच भेगांना लावता येत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, बीमच्या खालून आडवी धावणारी भेग, कॉलमच्या कडेने सरळ खाली उतरणारी भेग, या प्रत्येकीचे कारण निराळे असते, आणि नुसती रुंदी मोजून ते कळत नाही.

पुट्टी भरली की भेग कायमची जाते, हा या सल्ल्याचा गाभा आहे आणि सर्वांत मोठी चूकही तोच आहे. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये बीम आणि कॉलम काँक्रीटचे असतात आणि मधली भिंत विटांची किंवा सिपोरेक्स ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची. उन्हाने तापल्यावर हे पदार्थ सारखे प्रसरण पावत नाहीत. तापमान 1 अंशाने वाढले की काँक्रीट आपल्या लांबीच्या साधारण एक लक्षांशाने वाढते, तर भाजलेली वीट सुमारे त्याच्या निम्म्याने. 3 मीटर लांबीचा बीम 20 अंशांनी तापला, तर तो अंदाजे 0.6 मिलिमीटरने वाढेल आणि खालची विटांची भिंत 0.3 मिलिमीटरने. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण सांध्यावरचा गिलावा तो रोज सोसतो, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची असताना, तर फारच सोसतो. सिपोरेक्सची भिंत त्याशिवाय पहिली एक-दोन वर्षे वाळत आकसत राहते. अशा हलणाऱ्या सांध्यात भरलेली सिमेंटची पुट्टी दगडासारखी कडक होते; तिला ताण सहन होत नाही, म्हणून ती त्याच रेषेत पुन्हा फुटते.

पुण्यातल्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या बीमखाली अशीच एक आडवी भेग होती. चार वर्षांत दोनदा ती पुट्टीने भरून घेतली, रंग दिला, आणि दोन्ही वेळा पुढच्या मे महिन्यात तीच रेघ त्याच जागी उमटली. तिसऱ्या वेळी एका वयस्कर गवंड्याने पुट्टीचा डबा बाजूला ठेवायला लावला आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना सुमारे 15 सेंटीमीटरपर्यंतचा गिलावा काढून टाकला. उघड्या पडलेल्या सांध्यावर त्याने कोंबडी जाळी, म्हणजे खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी, ताणून खिळ्यांनी घट्ट बसवली, पॉलिमर (पकड वाढवणारे रसायन) मिसळलेल्या मालाने नवा गिलावा केला आणि आठवडाभर त्यावर पाणी मारायला सांगितले. गिलावा पूर्ण वाळू देऊन महिनाभराने रंग दिला. त्यानंतर सहा उन्हाळे गेले, ती रेघ परत आलेली नाही. इतकी तोडफोड नको असेल, तर सांध्यावर मुद्दाम एक सरळ खाच ठेवण्याचा दुसरा मार्ग आहे. त्यामुळे हालचाल त्या खाचेतच राहते आणि भेग वेडीवाकडी धावत नाही. मला हा मार्गही प्रामाणिक वाटतो, कारण त्यात सांधा हलतो हे मान्य केलेले असते.

भेग हलते आहे की थांबली आहे, हे घरच्या घरी पाहता येते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि मध्यावर, रंग खरवडून, काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटवावी. पट्टी तडकली किंवा भेग खुणेच्या पुढे सरकली, तर भेग जिवंत आहे. हे निरीक्षण निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालू ठेवावे, दिवाळीच्या आधी पंधरा दिवस नव्हे.

व्हाइट सिमेंटबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते सिमेंटच असल्यामुळे त्याला पक्के व्हायला पाणी लागते. कोरड्या भिंतीत ते भरले की भिंत त्यातले पाणी शोषून घेते आणि आत नुसती भुकटी उरते. वॉल पुट्टीत पॉलिमर असल्याने तिचे तसे होत नाही, पण तीही दोन हातांत मिळून दीड-दोन मिलिमीटरच्या थरासाठी बनवलेली असते, खोल भेग भरण्यासाठी नव्हे.

जाड, लवचीक रंग भेग झाकतो, या विधानाला आकड्यांनीच उत्तर देता येते. आतल्या भिंतीच्या इमल्शनचे दोन हात वाळल्यावर त्यांचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही भरत नाही. एवढासा पापुद्रा केसाएवढी चीर फार तर लपवील. अर्धा मिलिमीटर उघडमीट करणाऱ्या भेगेवर तो ताणून फाटतो, आणि रंग गडद असेल तर ती रेघ अधिकच डोळ्यांत भरते.

थांबलेली भेग भरायचीही एक रीत आहे. भेग आधी पटाशीने किंवा कटरने इंग्रजी व्ही अक्षरासारखी पाच-सहा मिलिमीटर रुंद करावी लागते, कारण चिंचोळ्या भेगेत माल शिरतच नाही. मग आतली धूळ ब्रशने काढून ॲक्रिलिक क्रॅक फिलर थराथराने, प्रत्येक थर वाळू देऊन भरावा, वर फायबरच्या जाळीची पट्टी चिकटवावी, आणि त्यानंतर पुट्टी, घासकाम, प्रायमर व रंग असा क्रम ठेवावा. कोकणात आणि मुंबईत पाऊस संपल्या संपल्या भिंतीत ओल असते. ती उतरण्यापूर्वी हे काम करू नये.

जुनी भिंत नुसती घासायची, हे तर मुले असलेल्या घरात मला धोक्याचे वाटते. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा घालणारे नियम देशात 2016 मध्ये आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून ते ओले करून घासावेत, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

एका भेगेवर मात्र पुट्टीचे बोटही लावू नये. बीम, कॉलम किंवा स्लॅबवर, आतल्या सळीच्या रेषेत, तांबूस डाग घेऊन आलेली भेग ही सळी गंजल्याची खूण असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते, आणि तोच फुगवटा काँक्रीट आतून फोडतो. तिथे पुट्टी भरली की खूण झाकली जाते आणि गंज चालू राहतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. अशी भेग दिसली तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी सोसायटीला लेखी कळवावे आणि मागच्या तपासणीचा अहवाल मागावा.

राहिला खर्च वाचण्याचा मुद्दा. रंगकामाचे दरपत्रक बहुधा चौरस फुटावर असते आणि भेगांचे काम त्यात ‘पुट्टीसह’ या एका शब्दात संपते. ते वेगळे लिहून घ्यावे: कोणती भेग, किती फूट, नुसती भरायची की गिलावा काढून जाळी बसवायची, आणि त्यानंतर रंगापर्यंत किती दिवस थांबायचे. आमच्या त्या बीमखालच्या दहा फुटांसाठी हा कागद पहिल्याच वर्षी केला असता, तर मधले दोन्ही रंग वाचले असते.