जहाजावर जेवण बनवणाराही लढलाच की

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ पासून रेजिमेंटचं केंद्र इथं आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, गल्लीत एक तरी फौजी सापडतोच. त्यामुळे सैनिक म्हटलं की आम्हाला पायदळ आणि बंदूक एवढंच दिसतं. नौदलात गेलेला, त्यातही जहाजावर स्वयंपाक केलेला माणूस आमच्या हिशेबातच नसतो. याचा मला मनापासून राग येतो.

आमच्या नात्यातले एक काका १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात एका युद्धनौकेवर कुक होते. मागे एका गावात माजी सैनिकांचा सत्कार झाला. यांची पाळी आली तेव्हा निवेदक म्हणाले, "हे जेवण करायला होते," आणि लगेच पुढचं नाव घेतलं. काका काही बोलले नाहीत. म्हणून मी लिहितोय.

गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. चारी बाजूंनी लोखंड, भट्टीची धग, आणि रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून सगळी झाकणं बंद. जहाज डोलायला लागलं की भांडी घसरतात, म्हणून शेगडीवर लोखंडी आडपट्ट्या लावायच्या. डाळीचं पातेलं अर्धंच भरायचं, नाहीतर उकळती डाळ अंगावर. पहारे चार-चार तासांचे, त्यामुळे मध्यरात्री इंजिनरूममधून वर येणाऱ्यालाही गरम काहीतरी द्यावं लागतं. लढाईचा इशारा झाला की आधी शेगड्या विझवायच्या, कारण जहाजावर आगीइतकी भीती कशाची नसते. मग कुकही आपापल्या नेमलेल्या जागी धावतो: कुणी दारूगोळा पुरवायला, कुणी जखमींना उचलायला. तोफेवरच्या माणसाला जागा सोडता येत नाही, जेवण त्याच्यापर्यंत न्यावं लागतं. काका चपातीत बटाट्याची सुकी भाजी गुंडाळून न्यायचे. "एक हात कामाला मोकळा पाहिजे की गा," एवढंच ते सांगतात.

९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. टॉर्पेडो लागला तेव्हा कोण तोफेवर आणि कोण गॅलीत, असा भेद समुद्रानं केला नाही. तो आपण का करायचा?

आणि जेवणाला हलकं समजणाऱ्यांनी १९४६ आठवावं. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी संप पुकारला, त्याची ठिणगी निकृष्ट जेवणावरूनच पडली. वर्णद्वेषाची चीड होतीच, पण ताटातलं अन्न हा त्यांच्यासाठी मानाचा प्रश्न होता. काही दिवसांत हा संप बंदराबंदरांत पसरला आणि इंग्रज सरकार हादरलं.

सीमाभागातल्या ज्या मंडळांकडून सत्कार होतात, त्यांना माझी विनंती आहे. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, अशा माणसांना मुद्दाम बोलवा. ओळख करून देताना जहाजाचं नाव, वर्ष, हुद्दा नीट विचारून घ्या आणि त्यांना दहा मिनिटं बोलू द्या. ज्यांच्या घरी असे आजोबा-काका आहेत, त्यांनी या रविवारीच शेजारी बसून मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. १९७१ ला विशीत असलेली ही माणसं आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.