‘पॅलाडिन संपला’ म्हणणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या २०२४ च्या नियमांनी पॅलाडिनची (दैवी शक्ती लाभलेल्या योद्ध्याची) वाट लावली, असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. मी तो आजवर दुर्लक्षून सोडून देत होतो. पण आता तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिने अजून एकदाही फासे टाकलेले नाहीत आणि पहिलंच पात्र पॅलाडिन घ्यायचं ठरवलं होतं. बेत रद्द. "मामा, त्याचा स्माइट काढून घेतलाय म्हणे." म्हणे! (स्माइट म्हणजे लागलेल्या फटक्यात दैवी शक्तीने जादा डॅमेज, म्हणजे इजा, ओतणं.)

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. डिव्हाइन स्माइट आता स्पेल (मंत्र) झाला, तोही टर्नमध्ये (आपल्या पाळीत) एकदाच आणि बोनस ॲक्शन (मुख्य ॲक्शनखेरीजची एक छोटी कृती) खर्चून. त्यामुळे डॅमेज निम्मं झालं, क्रिटला (फासा उत्तम पडून बसणाऱ्या जबर फटक्याला) ते दुप्पट होत नाही, उपचार केले की स्माइट गेला, कुठलाही जादूगार काउंटरस्पेल (दुसऱ्याचा मंत्र उधळणारा मंत्र) टाकून स्माइट आणि स्लॉट (मंत्र टाकायला मोजून मिळणारी शिदोरी) दोन्ही गिळतो, आणि हे सगळं पॅलाडिनच्या पन्नास वर्षांच्या परंपरेविरुद्ध आहे.

पुस्तक विकत घेतलं नाही ही सबब चालणार नाही. एसआरडी ५.२ (खेळाच्या नियमांचा अधिकृत दस्तऐवज) एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतं, आणि त्यात पॅलाडिनही आहे, स्माइटही आहे. मी खाली जे म्हणतोय ते तिथे ताडून बघा.

सगळ्यात डोक्यात गेलेला मुद्दा उपचारांचा. मेसेज म्हणतो, "पूर्वी एकाच टर्नमध्ये जखमी मित्राला उठवायचं आणि राक्षसाला स्माइटही करायचं, आता दोन्हींतलं एकच." पूर्वी म्हणजे कधी? २०१४ च्या, म्हणजे आधीच्या नियमांत ले ऑन हँड्सला (पॅलाडिनने हात लावून बरं करण्याला) पूर्ण ॲक्शन लागायची. ॲक्शन गेली की हल्ला गेला, हल्ला गेला की स्माइट कशाच्या जिवावर करणार? पाचव्या लेव्हलला दोन फटके मिळायचे, ते दोन्ही त्या टर्नला बुडायचे. खाली पडलेल्या क्लेरिकला (पुरोहित पात्राला) उठवायचं की समोरच्याला मारायचं, हा पेच ज्यांनी प्रत्यक्ष खेळून अनुभवलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. आता ले ऑन हँड्स बोनस ॲक्शनवर आलंय. मित्राला हात लावा, मग दोन्ही फटके मारा. त्या टर्नला स्माइट नाही, बरोबर. पण तो पूर्वीही नव्हता, आणि पूर्वी फटकेही नव्हते. म्हणजे ज्या बदलाने पॅलाडिनचं सगळ्यात जास्त भलं केलं, तोच नेमका तक्रारीत घातलाय. हे वाचून नवा माणूस काय समजणार? की पॅलाडिनला आता मित्र वाचवता येत नाहीत.

डॅमेज निम्मं झालं, हे अर्धं खरं आहे. पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन घ्या: पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट, दुसऱ्या लेव्हलचे दोन. जुन्या नियमांत दोन्ही फटके लागले तर दोन्हींवर ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे) ओतता यायचे, म्हणजे एका टर्नला स्माइटचेच सरासरी २७. आता एकदाच, साडेतेरा. एका टर्नपुरतं निम्मं, मान्य. पण स्लॉट कुठे गेले? ते तुमच्याकडेच आहेत. सगळे स्माइटवर घालवले तर तेव्हा दिवसाचे १४डी८ व्हायचे, सरासरी ६३. आता लाँग रेस्टमागे (लांब विश्रांतीमागे) एक स्माइट स्लॉटशिवाय मिळतो, म्हणजे १६डी८, सरासरी ७२. शिवाय पूर्वी ५डी८ ची मर्यादा होती (अनडेड म्हणजे चालती प्रेतं आणि फीन्ड म्हणजे सैतानी जीव, त्यांच्यासाठीचा एक जादा फासा सोडून), त्यामुळे पाचव्या लेव्हलचा स्लॉट स्माइटवर घालवणं मूर्खपणा होता. आता त्याचे ६डी८ मिळतात. दिवसात एकच लढाई आणि ती दोन राउंडमध्ये खल्लास, असं ज्यांच्या टेबलावर चालतं त्यांचं नुकसान झालंय. तिथे इतर पात्रं एरवी काय करत होती, हेही एकदा त्यांना विचारा.

क्रिटचा मुद्दा चक्क खोटा. स्माइटचे फासे हल्ल्याच्याच डॅमेजमध्ये मिळवले जातात, असं स्पेलच्या वर्णनात लिहिलंय. क्रिट पडलं की तेही दुप्पट. आणि फटका लागल्यावरच स्माइट ठरवायचा असल्यामुळे क्रिट पडलंय हे बघून ठरवता येतं, पूर्वीसारखंच.

काउंटरस्पेल चालतो, हे खरं. पण नवा काउंटरस्पेल आपोआप लागू होत नाही. ज्याचा मंत्र उधळायचा त्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर फासा टाकून वाचायची संधी) मिळतो, आणि सहाव्या लेव्हलपासून पॅलाडिनचा ऑरा (भोवतीचं संरक्षक वलय) त्यात करिश्म्याचा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा) बोनस मिळवतो. सेव्ह हुकला तरी स्लॉट शिल्लक राहतो; जातो तो बोनस ॲक्शन. फटक्याचं स्वतःचं डॅमेज तर बसलेलंच असतं.

परंपरेबद्दल एवढंच: पॅलाडिन १९७५ साली ग्रेहॉक पुरवणीत आला, तेव्हा त्याच्याकडे स्माइट नव्हता. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्येही नव्हता. उपचार होते, युद्धाचा घोडा होता, करिश्मा १७ ची अट होती. स्माइट आला तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, आणि तो दुष्टांपुरताच, मोजून मिळायचा. फटका हुकला तरी वापर संपायचा.

आता जे खरंच गेलं ते. रेजमध्ये (बार्बेरियन या रानटी योद्ध्याच्या संतापाच्या अवस्थेत) स्पेल टाकता येत नाही, त्यामुळे बार्बेरियन-पॅलाडिन मिश्रण आता रेज करताना स्माइट करू शकत नाही. सायलेन्सच्या (आवाज बंद करणाऱ्या मंत्राच्या) आत स्माइट बंद, कारण त्याला उच्चार लागतो. आणि बोनस ॲक्शन फक्त स्वतःच्या टर्नला असल्यामुळे पळणाऱ्या शत्रूवरच्या ऑपॉर्च्युनिटी अटॅकला स्माइट जोडता येत नाही. हे मलाही पटलेलं नाही. पॅलाडिनच्या शेजारून पळताना शत्रूने दोनदा विचार करायला हवा. आमच्या टेबलावर त्यावर तोडगा असा काढलाय: ऑपॉर्च्युनिटी अटॅकलाही स्माइट चालेल, पण पुढच्या टर्नचा बोनस ॲक्शन त्यात गेला असं धरायचं.