‘सगळे रक्तातच असते’ म्हणणाऱ्या वाचकांस

हृदयविकारावरील माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली आणि शांतपणेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो आहे. तो शेवटपर्यंत टिकेल याची मात्र हमी देत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या मते हृदयविकार शेवटी रक्तातच असतो. आपले एक काका जन्मभर धूम्रपान करूनही ऐंशी ओलांडून गेले, तर रोज धावणारा आपला मित्र पंचेचाळिशीत कोसळला. सबब आहार, व्यायाम आणि तंबाखू यांविषयी लिहिणे म्हणजे ‘आयुष्यात काही न सोसलेल्या माणसाने रुग्णांना शहाणपण शिकवणे’ होय. शिवाय मी ताणतणावाकडे दुर्लक्ष केले, कोलेस्टेरॉलचा बागुलबुवा औषध कंपन्यांनी उभा केला आहे आणि मी लेख मागे घ्यावा, असेही आपण सुचवले आहे.

ताणतणावाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. ५२ देशांतील रुग्णांवर आधारलेला इंटरहार्ट हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या झटक्याशी निगडित अशा नऊ घटकांमध्ये मानसिक-सामाजिक ताणाचा समावेश होता, आणि माझ्या लेखात त्याला जेमतेम एक वाक्य मिळाले. मात्र झटक्याच्या एकूण जोखमीपैकी सुमारे ९० टक्के जोखीम या नऊ घटकांशी जोडता येते, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. बाकीचे आठ म्हणजे धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, फळे-भाज्यांचे आहारातील प्रमाण, मद्य आणि शारीरिक हालचाल. यांतील बहुतेकांवर मी सविस्तर लिहिले होते; आपण ते वाचले असते तर बरे झाले असते.

आता ‘काही न सोसलेला माणूस’ या शब्दांविषयी. मतभेद असावेत, त्यांना माझी हरकत नाही. परंतु ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या सोसण्याचे मोजमाप करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माझ्या वडिलांना पन्नाशीच्या आत झटका आला, त्यांच्या वडिलांनाही आला होता, आणि दोघेही त्यातून वाचले नाहीत. विशीत मी स्वतः सिगारेट ओढत असे, ती सोडली, आणि आज रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेतो. एका माणसाच्या कहाणीने काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे आणि पुढे मी आपल्यालाही तेच सांगणार आहे. तरीही वारसा म्हणजे काय हे मला शिकवायला निघण्यापूर्वी समोरचा कोण आहे याची चौकशी करण्याचे सौजन्य आपण दाखवायला हवे होते.

वारशाचे महत्त्व मी कधीच नाकारलेले नाही. स्वीडनमधील २१ हजार जुळ्यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी एक भाऊ ५५ वर्षांच्या आत हृदयविकाराने गेला असेल, तर दुसऱ्याचा धोका सुमारे आठपट आढळला. मात्र हा मृत्यू जितका उशिरा झाला, तितका वारशाचा प्रभाव ओसरत गेला. धोका मोठा आहे, यात वाद नाही. वाद आहे तो ‘रक्तातच असते’ मधल्या ‘च’वर, कारण त्या एका अक्षराच्या जोरावर माणसे सिगारेट पेटवतात आणि तपासण्या टाळतात.

वारशात जोखीम मिळते, ठरलेला दिवस नव्हे. २०१६ साली चार अभ्यासांतील ५५ हजारांहून अधिक लोकांची जनुकीय जोखीम आणि जीवनशैली एकत्र पडताळण्यात आली. जनुकीय जोखीम सर्वाधिक असलेल्यांमध्येही ज्यांची जीवनशैली चांगली होती, त्यांच्यात हृदयधमन्यांच्या विकाराच्या घटना वाईट जीवनशैलीच्या लोकांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी दिसल्या. म्हणजे ज्यांना आपण ‘काही उपयोग नाही’ असे सांगू पाहता, त्यांच्यासाठीच उपयोग मोठा आहे. जपान सोडून हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी पुरुषांचा अभ्यासही असाच बोलका आहे. वंश तोच असूनही हृदयविकाराचे प्रमाण जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वाधिक निघाले. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली प्रतिबंधाची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या साडेतीन दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. एवढ्या अवधीत त्या प्रांताचे रक्त बदलले, असे आपले म्हणणे आहे काय?

आपल्या काकांना दीर्घायुष्य लाभले, याचा आनंद आहे. लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहून तिकिटे विकत घेण्याचा सल्ला मात्र कोणी देऊ नये. मित्राच्या मृत्यूबद्दल मला मनापासून वाईट वाटते आणि त्यांच्या बाबतीत नेमके काय घडले हे मी सांगू शकत नाही. एवढेच सांगतो, की धावण्याने हृदय सक्षम होते, पण रक्तातले जास्तीचे एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, धावण्याने नाहीसे होतेच असे नाही. हा आजार धमनीच्या अस्तरात वर्षानुवर्षे न दुखता साचत असतो. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनात, सरासरी वय अवघे २२ असताना, ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत तो डोळ्यांना दिसण्याइतका आढळला होता. छातीत कळ येते तो या प्रक्रियेचा अखेरचा टप्पा असतो. साचलेल्या थरावरचे पातळ आवरण फाटते, तेथे गुठळी धरते आणि रक्तप्रवाह थांबतो. बऱ्याचदा तो थर त्याआधी धमनी फारशी अडवतही नसतो, म्हणूनच कालपर्यंत ठणठणीत असलेला माणूस आज जातो.

राहिला औषध कंपन्यांचा बागुलबुवा. त्यावर मी फार लिहिणार नाही, कारण आपली दोन विधाने एकमेकांना खोडून काढतात. हृदयविकार आनुवंशिक असल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे जन्मजात कोलेस्टेरॉल-वाढ, जी सुमारे अडीचशे माणसांत एकाला असते. यकृताच्या पेशींवरील ज्या ग्राहकाच्या, म्हणजे रक्तातले एलडीएल पकडून पेशीत घेणाऱ्या प्रथिनाच्या, बिघाडातून ती सहसा उद्भवते, त्यावरील कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल मिळाले. उलट टोकाला, पीसीएसके९ या जनुकातील बदलामुळे ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एलडीएल जन्मापासून सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, त्यांच्यात हृदयधमन्यांचा विकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. त्यांना कोणत्याही कंपनीने गोळी दिली नव्हती. रक्तावर विश्वास ठेवायचा, तर तो सोयीपुरता ठेवता येणार नाही.

लेख मी मागे घेणार नाही. आनुवंशिकतेवर एक परिच्छेद मात्र वाढवतो आहे: वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हा विकार झाला असेल, तर त्यांच्या रक्ताच्या नातेवाइकांनी चाळिशीची वाट न पाहता एलडीएल आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आणि लायपोप्रोटीन-ए (रक्तातील एलडीएलसारखाच, पण मुख्यतः वारशाने ठरणारा मेदकण) आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावे. आपल्या काकांची मुले या नियमात बसत नाहीत; आपल्या मित्राची बसू शकतात, तेव्हा हा परिच्छेद त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावा.