वर्षभराचं निलंबन कोर्टात टिकत नाही

सभागृहातल्या धक्काबुक्कीवरच्या एका लेखात ‘सभागृहात हात उचलणाऱ्या आमदाराला सरळ वर्षभर घरी बसवा’ असा उपाय सुचवला आहे. तो ऐकायला बरा वाटतो, पण कायद्यात बसत नाही. जुलै २०२१ मध्ये आपल्याच महाराष्ट्र विधानसभेनं १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये ते रद्द केलं, कारण चालू अधिवेशनापलीकडे मतदारसंघ प्रतिनिधीविना ठेवता येत नाही. २००९ मध्ये शपथेवेळी अबू आझमींना मारहाण झाली, तेव्हा मनसेच्या चौघा आमदारांना ४ वर्षांसाठी निलंबित केलं होतं. तेही आज टिकलं नसतं.

फौजदारी खटल्याचा मार्ग मात्र लेखातून सुटलाच आहे. केरळ विधानसभेत २०१५ मध्ये झालेल्या मोडतोडीबद्दल याच न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की अशा कृत्याला आमदारांच्या विशेषाधिकाराचं (सभागृहातल्या कामासाठी मिळणाऱ्या खास सवलतीचं) संरक्षण नाही, खटला चालणारच. सभागृहातला हा गोंधळ आम्हा नागपूरकरांना जास्त झोंबतो. हिवाळी अधिवेशन इथं जेमतेम चालतं. खटपट करून गॅलरीचा पास मिळवावा, तर गोंधळात कामकाज तहकूब! कापूस-सोयाबीनचे, सिंचनाच्या अनुशेषाचे प्रश्न तसेच पडून राहतात. धक्काबुक्की झाली की त्याच दिवशी गुन्हा नोंदवा, ही मागणी आपण आपापल्या आमदाराकडे लावून धरली पाहिजे.